आडवी नळी, तिरकी नळी: लहान हॅचबॅकसाठी घरी बनवलेल्या ब्रेसचे परीक्षण

माझ्या लहान हॅचबॅकच्या सांगाड्याला ताठपणा यावा म्हणून मी आजवर तीन ब्रेस, म्हणजे आधाराच्या नळ्या, वापरले. पहिला बाजारातून तयार आणलेला, इंजिनावरून जाऊन पुढच्या दोन स्ट्रट टॉवरना, म्हणजे पुढच्या चाकांच्या स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बरची वरची टोके जिथे बसतात त्या पत्र्याच्या उंचवट्यांना, जोडणारा होता. दुसरा त्याच जागेसाठी मी स्वतः बनवला. तिसराही घरीच बनवला, पण तो मागच्या आसनाच्या पाठीमागे, दोन तिरक्या नळ्यांच्या फुलीच्या आकारात बसवला आहे. निकाल सुरुवातीलाच सांगतो, म्हणजे पुढचे वाचन त्या अंगाने करता येईल: तयार ब्रेसने गाडीत जवळजवळ काहीही बदल केला नाही, घरच्या पुढच्या ब्रेसने थोडा केला, आणि मागच्या फुलीने गाडी हाताला वेगळीच लागू लागली. हा फरक धातूच्या दर्जामुळे किंवा वेल्डिंगच्या सफाईमुळे पडलेला नाही. नळी कोणत्या दिशेने जाते, ती सरळ आहे की वाकलेली, आणि तिची टोके किती घट्ट धरली आहेत, या तीन प्रश्नांच्या उत्तरांत तो सगळा सामावलेला आहे.

आजच्या बहुतेक लहान गाड्यांना वेगळी चासी नसते. पत्र्याचे दाबून केलेले भाग ठिकठिकाणी स्पॉट वेल्डने जोडून जी पेटी तयार होते, तीच गाडीचा सांगाडा असते. पुठ्ठ्याच्या खोक्याची सगळी झाकणे चिकटपट्टीने बंद करून ते दोन हातांत धरून पिळून पाहावे आणि मग वरची झाकणे उघडून पुन्हा पिळावे, म्हणजे हॅचबॅकचे दुखणे लगेच कळते. पाठीमागे डिकीचे मोठे तोंड उघडे असते, मागचे आसन दुमडता यावे म्हणून तिथे आडवी भिंत ठेवलेली नसते, आणि बाजूला दारांची भगदाडे असतात. तिन्ही चाके सपाटीवर असताना चौथे चाक खड्ड्यात गेले की पेटीला पीळ बसतो. डिकीची चौकट किंचित तिरकी होते, दाराच्या रबरावरून कुरकुर ऐकू येते, आणि स्टिअरिंग वळवल्यानंतर मागचा भाग क्षणभर उशिरा पाठोपाठ येतो. स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर यांनी जे काम ठरलेल्या पद्धतीने करायचे, त्यातला काही भाग अशा वेळी पत्रा करत असतो, आणि पत्र्याच्या त्या हालचालीला आवर घालणारे दुसरे काहीच नसते.

तयार ब्रेसकडे मी मोठ्या अपेक्षेने पाहिले होते, आणि त्याच्या जमेच्या बाजू प्रामाणिकपणे सांगितल्या पाहिजेत. रंगकाम उत्तम होते, बसवायला अर्धा तास लागला, सगळी भोके नेमकी जुळली, आणि दोन वर्षांत त्याला गंज लागला नाही. तो बनवणाऱ्यांचे नाव मी इथे घेत नाही, कारण याच पद्धतीचे ब्रेस अनेक जण बनवतात आणि दोष त्या पद्धतीतच आहे. अॅल्युमिनियमची लंबगोल नळी इंजिनाच्या वरून जावी म्हणून मधोमध कमानीसारखी उचललेली होती. दोन्ही टोकांना तीन मिलिमीटर जाडीच्या पत्र्याच्या पट्ट्या होत्या आणि नळी त्या पट्ट्यांना प्रत्येकी एकाच बोल्टने, बिजागरीसारखी जोडलेली होती. एकच आकार अनेक गाड्यांना बसवायचा असेल तर कमान आणि बिजागरी या दोन्ही गोष्टी बनवणाऱ्याला सोयीच्या ठरतात. गाडीच्या दृष्टीने मात्र त्या दोन्ही घातक आहेत.

कमानीचा हिशेब मी कागदावर मांडला तेव्हा मला स्वतःलाच आश्चर्य वाटले. बाहेरचा व्यास २५ मिलिमीटर आणि भिंतीची जाडी २ मिलिमीटर असलेली एक मीटर लांबीची पोलादी नळी घ्यावी. ती सरळ असेल आणि तिच्या दोन टोकांवर १,००० न्यूटनचा, म्हणजे साधारण शंभर किलोच्या भाराइतका दाब आला, तर ती सुमारे ०.०३ मिलिमीटरने आखूड होते. आता तीच नळी मध्यावर ५० मिलिमीटर उचलून तिला छपरासारखा कोन दिला आणि टोके बिजागरीवर ठेवली, तर तेवढ्याच दाबाला टोके जवळजवळ अर्धा मिलिमीटर जवळ येतात, कारण आता नळी दाबली जात नसून वाकते आहे. ताठपणा तेरा पटींहून अधिक घटला, आणि तोही केवळ पाच सेंटिमीटरच्या उंचीपायी. त्यात अॅल्युमिनियमचा स्थितिस्थापकता गुणांक, म्हणजे आकार बदलण्याला होणारा धातूचा विरोध, पोलादाच्या साधारण एक तृतीयांश असतो, त्यामुळे त्याच मापाची नळी अॅल्युमिनियमची असेल तर हा अर्धा मिलिमीटर दीडच्या घरात जातो. इतक्या मऊ नळीपेक्षा दोन टॉवरच्या मधला पत्राच जास्त ताठ असतो.

बिजागरीच्या बोल्टाभोवती भोकात थोडी मोकळीक असतेच. काही ब्रेसमध्ये मधला आट्यांचा भाग फिरवून नळीवर आधीच ताण किंवा दाब देण्याची सोय असते, आणि असे केल्याने सांगाडा अधिक ताठ होतो असा समज सर्वत्र आढळतो. त्या फिरवण्याने सांध्यातली मोकळीक भरून निघते, एवढाच त्याचा उपयोग. नळीचा ताठपणा तिच्या धातूवर, छेदाच्या क्षेत्रफळावर आणि लांबीवर ठरतो, आधी दिलेल्या ताणाने त्यात वाढ होत नाही. उलट जास्त पिळले तर दोन टॉवर कायमचे एकमेकांपासून दूर ढकलले जातात आणि चाकांचा कॅम्बर, म्हणजे उभ्या रेषेपासूनचा तिरपेपणा, बदलतो.

घरी बनवण्याआधी मी एका प्रश्नावर बराच वेळ थांबलो: दोन टॉवरमधली आडवी नळी नेमके काय रोखते? ती फक्त त्या दोघांमधले अंतर बदलू देत नाही. वळणावर दोन्ही टॉवर एकाच बाजूला ढकलले गेले तर नळी त्यांच्याबरोबर सरकते. एक टॉवर वर आणि दुसरा खाली गेला, तर बिजागरीची नळी नुसती तिरपी होते. चार पट्ट्या चार खिळ्यांनी जोडून केलेली चौकट कोपऱ्याला धरून ढकलली की डुलते, आणि मध्ये पाचवी आडवी पट्टी ठोकली तरी डुलतच राहते. तीच पट्टी कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी ठोकली की चौकट जागची हलत नाही. लाकडी फाटकाला तिरकी पट्टी मारणाऱ्या सुताराला हे माहीत असते. गाडीला ब्रेस लावणाऱ्या आम्ही मंडळींनी मात्र ही साधी गोष्ट बाजूला ठेवून चकाकत्या आडव्या नळ्यांवर भिस्त ठेवली.

मॅक्फर्सन स्ट्रटच्या, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर एकाच खांबात असलेल्या, रचनेकडे पाहिले तरी हेच दिसते. अर्ल मॅक्फर्सन यांच्या नावाने ओळखली जाणारी ही रचना १९५० साली फोर्डच्या कॉन्सल आणि झेफर या गाड्यांतून आली, आणि आज लहान गाड्यांच्या पुढच्या चाकांना बहुधा तीच असते. समजा, खालचा बॉल जॉइंट, म्हणजे चाकाला खालच्या आर्मशी (चाक जागेवर धरणाऱ्या दांड्याशी) जोडणारा गोल सांधा, जमिनीपासून २०० मिलिमीटर उंच आहे आणि स्ट्रटचे वरचे टोक त्याच्याही वर ६०० मिलिमीटरवर आहे. वळणावर टायरवर येणारे आडवे बल या तरफेच्या हिशेबाने वाटले, तर वरच्या टोकावर त्याचा एक तृतीयांश भाग येतो आणि खालच्या आर्मवर चार तृतीयांश, म्हणजे वरच्याच्या चौपट. गाडीच्या वजनाचा परिणाम यात धरलेला नाही, आणि प्रत्येक गाडीची मापे वेगळी असतात. तरीही बॉनेट उघडताच दिसणाऱ्या जागेपेक्षा गाडीखालची, आर्म जिथे जोडलेले असतात ती जागा अधिक ताण सोसते, एवढे यातून निश्चित होते. माझ्या गाडीत त्या जागी कारखान्यातूनच जाड सबफ्रेम, म्हणजे खाली जोडलेली वेगळी चौकट, आहे, म्हणून मी तिथे काही केले नाही. ज्यांच्या गाडीत दोन्ही आर्म नुसत्या पत्र्याच्या खोबणीत बसवलेले आहेत, त्यांनी पहिला विचार तिथला करावा.

घरच्या पुढच्या ब्रेससाठी वर सांगितलेल्याच मापाची पोलादी नळी घेतली. बॉनेटखाली जागा किती आहे ते पाहण्यासाठी इंजिनावर आणि टॉवरवर मळलेल्या मातीचे गोळे ठेवून बॉनेट अलगद बंद केले आणि पुन्हा उघडून चपटलेल्या गोळ्यांची जाडी मोजली. टॉवरच्या अगदी मागच्या कडेला सरळ नळीपुरती वाट मिळाली. इंजिन आपल्या रबरांवर पुढे-मागे झुलते, म्हणून त्याच्या कोणत्याही भागापासून नळी किमान २० मिलिमीटर लांब ठेवली. टॉवरवरच्या पट्ट्यांसाठी आधी पुठ्ठ्याचा साचा कापला, त्यावर स्ट्रटच्या बोल्टांचे ठसे घेतले आणि मग ते पाच मिलिमीटरच्या पोलादी पट्टीवर उतरवले. इथे एक गोष्ट मापल्याशिवाय पुढे जाऊ नये: पट्टी मध्ये आल्यावर नट पूर्ण आट्यांवर बसून बोल्टाचे एक-दोन आटे वर दिसले पाहिजेत. ते दिसत नसतील तर पट्टी पातळ घ्यावी, पण अर्धवट चढलेल्या नटावर गाडी चालवू नये.

नळीचे टोक पट्टीवरच्या उभ्या कानाला नीट भिडावे म्हणून कानशीने घासत जाणे हे या कामातले सर्वांत वेळखाऊ आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे काम आहे. मागून दिवा धरला की जिथून उजेडाची चीर दिसते तिथे दोन फटके, पुन्हा लावून पाहणे, पुन्हा दोन फटके, असे दोन्ही टोकांना मिळून माझे एक पूर्ण दुपार गेले. फट जितकी कमी, तितके वेल्डिंगमध्ये कमी धातू ओतावे लागते, आणि तितकी नळी थंड होताना कमी ओढली जाते.

हे मी पहिली नळी वाया घालवून शिकलो. पट्ट्या मोकळ्या ठेवून एका टोकाचा पूर्ण वेल्ड एका दमात मारला, थंड झाल्यावर ब्रेस गाडीवर ठेवला, आणि दुसऱ्या टोकाची भोके बोल्टांपासून दीड मिलिमीटर सरकलेली निघाली. भोके घासून मोठी केली असती तर ब्रेस बसला असता, पण तयार ब्रेसमध्ये ज्या मोकळिकीला मी नावे ठेवत होतो तीच मी पुन्हा माझ्या हाताने आणली असती. म्हणून तो बाजूला ठेवला. दुसऱ्या खेपेला दोन्ही पट्ट्या एका जाड लोखंडी अँगलवर बोल्टाने आवळल्या, आधी चारी बाजूंना छोटे टॅक, म्हणजे जागा धरून ठेवणारे वेल्डचे ठिपके, मारले, मग समोरासमोरच्या बाजू आलटून-पालटून भरल्या आणि सगळे पूर्ण गार होईपर्यंत बोल्ट सोडले नाहीत. तो ब्रेस हाताच्या दाबाने बसला.

माप घेताना आणि शेवटी बोल्ट आवळताना गाडी सपाट जमिनीवर, चारही चाकांवर उभी असली पाहिजे. जॅकवर उचललेल्या गाडीचा सांगाडा आधीच वाकलेला असतो आणि ब्रेस तो वाक तसाच धरून ठेवतो. गाडीच्या अंगावर वेल्डिंग करणे मी पूर्णपणे टाळले. त्याने गंजरोधक थर जळतो, इलेक्ट्रॉनिक भागांना धोका पोहोचतो, आणि उद्या ब्रेस काढून टाकावासा वाटला तर परतीची वाट उरत नाही.

मागची फुली हा या परीक्षणातला खरा विषय आहे. मागच्या दोन सस्पेन्शन टॉवरच्या माथ्यापासून समोरासमोरच्या बाजूंना जमिनीच्या पत्र्यापर्यंत, प्रत्येकी १.३ मीटर लांबीच्या दोन नळ्या जातात. एक नळी अखंड आहे. दुसरी मधोमध कापून पहिलीच्या दोन्ही अंगांना जोडली आहे आणि सांध्यावर त्रिकोणी पट्ट्या लावल्या आहेत. दाबाखाली लांब नळी धनुष्यासारखी वाकण्याचा धोका असतो, आणि ज्या भाराला ती वाकते तो भार लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होत जातो. १.३ मीटरच्या मोकळ्या नळीसाठी तो भार सुमारे ११,५०० न्यूटन येतो, आणि फुलीच्या सांध्याने मध्यावर आधार मिळाला की फुलीच्या पातळीत तो चौपट होतो. नळ्या, पट्ट्या आणि बोल्ट धरून सगळ्याचे वजन पाच किलोच्या आत आहे. आसनाच्या पाठीमागचा हा पडदा म्हणजे आसन दुमडता यावे म्हणून काढून टाकलेल्या भिंतीचीच भरपाई आहे.

खालच्या टोकांसाठी जमिनीच्या पत्र्याला भोके पाडावी लागली, आणि त्याआधी मी गाडीखाली झोपून इंधनाची टाकी, ब्रेकच्या नळ्या आणि वायरी कुठून जातात ते खडूने रेखून घेतले. पातळ पत्र्यात नुसता बोल्ट आवळला तर पत्राच लवतो, म्हणून खालून हाताच्या पंजाएवढी पट्टी दिली, जेणेकरून भार पसरेल. भोकांच्या कडांना प्रायमर, वरून रंग आणि शेवटी सीलंट, या क्रमात मी कुठेही घाई केली नाही, कारण अशा एका उघड्या कडेपासून सुरू झालेला गंज ब्रेसचा सगळा हेतू खाऊन टाकतो. सीट बेल्टच्या बोल्टांना मी हात लावला नाही. तिथे तयार, मजबूत आटे मिळतात म्हणून अनेकांना ते मोहवतात, पण त्या बोल्टाखाली आणखी पट्टी घातली की त्याची पकड आणि बेल्टची जागा बदलते, आणि ती जोडणी अपघातात माणसाला धरून ठेवण्यासाठी आहे.

फरक पडला की नाही हे केवळ अंगाला जाणवण्यावर सोडू नये, कारण स्वतःच्या हातच्या कामाबद्दल मन पक्षपाती असते. मी डिकीच्या दारावर आणि त्याच्या शेजारच्या पत्र्यावर मास्किंग टेपचे तुकडे लावले, दोन्हींवरून बारीक पेन्सिलीने एक सलग आडवी रेघ ओढली, आणि मागचा एक कोपरा जॅकने इतका उचलला की त्या बाजूचे चाक जमिनीपासून सुटले. ब्रेस नसताना रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून पेन्सिलीच्या रेघेच्या दुप्पट जाडीने सरकले. डोळ्यांना ते स्पष्ट दिसत होते, आणि दार उघडताना कडी नेहमीपेक्षा जड लागत होती. पुढचा तयार ब्रेस लावून तेच केले तेव्हा रेघ तेवढीच सरकली. पुढचा घरचा ब्रेस लावल्यावरही मागे काही बदल दिसला नाही, आणि तो दिसायचे कारणही नव्हते. फुली आवळल्यावर मात्र रेघ जवळजवळ सलग राहिली. भिंग लावले तेव्हाच तिच्यातली पायरी दिसली.

रस्त्यावर मी प्रत्येक वेळी तोच खडबडीत रस्ता, टायरमधली तीच हवा आणि गाडीत तेच सामान ठेवले. पुढच्या घरच्या ब्रेसने लांब वळणावर स्टिअरिंग धरून ठेवताना लागणाऱ्या बारीक दुरुस्त्या थोड्या कमी झाल्या. मागच्या फुलीने डिकीच्या दाराची कुरकुर थांबली, आणि लागोपाठच्या डाव्या-उजव्या वळणांत मागचा भाग पुढच्याबरोबरच वळू लागला. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मागच्या चाकांचा आवाज आता नळ्यांमधून आत येतो आणि एका ठरावीक वेगाला मंद घुमघुम ऐकू येते. सांगाडा ताठ झाल्यावर वळणात गाडीचे कलणे रोखणाऱ्या मागच्या अँटी-रोल बारचा परिणामही पूर्ण उमटतो, त्यामुळे ओल्या रस्त्यावर वळणात अचानक ॲक्सिलरेटर सोडला तर मागचा भाग पूर्वीपेक्षा लवकर सुटू पाहतो. ब्रेस लावल्यावर पहिले काही दिवस गाडीची नवी सवय रिकाम्या रस्त्यावर करून घ्यावी. आसन दुमडायचे असेल तर चार बोल्ट काढून फुली उतरवावी लागते, आणि त्याला मला पंधरा मिनिटे लागतात.

ज्यांच्या गाडीचे टायर झिजले आहेत, आर्मचे रबरी बुश फाटले आहेत किंवा शॉक अॅब्सॉर्बरमधून तेल गळते आहे, त्यांनी यातले काहीही आधी करू नये. ती दुरुस्ती केल्यावर कदाचित ब्रेसची गरजच वाटणार नाही. खालचे पत्रे गंजलेले असतील तर ब्रेस त्या गंजलेल्या जागेवरचा ताण आणखी एकवटतो. गाडीच्या अगदी पुढच्या भागात, जिथला पत्रा धडकेत चुरगळण्यासाठीच बनवलेला असतो, तिथे पुढून मागे जाणारी नळी कधीही जोडू नये, कारण चुरगळण्याची ती जागा ताठ झाली तर धडकेचा जोर प्रवाशांपर्यंत पोहोचतो आणि एअरबॅगच्या सेन्सरना मिळणारी सूचनाही बदलू शकते. असा बदल आपल्याकडच्या नियमांत बसतो का आणि विमा कंपनीला कळवावा लागतो का, हे नळी कापण्याआधी विचारून घ्यावे. स्वतःला वेल्डिंगचा सराव नसेल तर साचा, कापणी आणि घासणी घरी करून शेवटचा सांधा कुशल वेल्डरकडून मारून घेणे हाच योग्य मार्ग आहे. माझ्या फुलीचा मधला सांधा मी तसाच करून घेतला.

तयार पुढचा ब्रेस मी काढून टाकला आहे आणि घरचा पुढचा ब्रेस सवयीने ठेवला आहे. उद्या एखाद्या दुरुस्तीत तो आड आला तर पुन्हा लावीनच असे नाही. फुली मात्र ही गाडी माझ्याकडे असेपर्यंत राहील. बसवल्यानंतर शंभर किलोमीटर झाल्यावर तिचे सगळे नट मी पुन्हा टॉर्क पान्याने तपासले. दोन नट किंचित फिरले, कारण त्यांच्याखालच्या रंगाचा थर दबला होता, म्हणून पट्ट्यांखालचा रंग खरवडून ते पुन्हा आवळले आणि प्रत्येक नटापासून पट्टीपर्यंत पिवळ्या रंगाची एक रेघ ओढली. गाडी धुताना डिकी उघडून त्या रेघांवरून नजर फिरवतो. आजवर एकही रेघ तुटलेली नाही.